परदेशी सिगारेटची पाकिटे विकणाऱ्या दुकानदाराला कोणता कायदा लागतो?

प्रश्नकर्त्यांनी लिहिलेले थोडक्यात असे आहे. चाकणजवळ त्यांचे पानाचे आणि किरकोळ किराण्याचे दुकान आहे. गेले काही महिने एक माणूस मोटारसायकलवरून येऊन परदेशी सिगारेटची पाकिटे देतो. पाकीट साठ रुपयांना मिळते आणि शंभराला जाते. बिल नसते, आणि पाकिटावर इशाऱ्याचे चित्र किंवा छापील किंमतही नसते. मागच्या आठवड्यात शेजारच्या दुकानातला असाच माल पोलिसांनी उचलला आणि यांच्याकडे अजून चाळीस पाकिटे पडून आहेत. त्यांचा भाचा अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात दुकान चालवतो. तिकडे सरकार मंजूर ब्रँडची यादी प्रसिद्ध करते असे त्याने सांगितल्यामुळे, आपल्याकडील अशी यादी कोठे मिळेल आणि त्या यादीत हा ब्रँड निघाला तर आपण सुटू का, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे सीमाशुल्क आणि फौजदारी स्वरूपाच्या प्रकरणांत वकिली करतो, आणि सिगारेटच्या जप्तीत हा यादीचा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करतो. भाच्याने सांगितलेले खरे आहे, पण ते तिकडचे आहे. नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेतील ४६ राज्यांनी मोठ्या सिगारेट कंपन्यांशी एक तडजोड केली. तीनुसार कंपन्यांनी दरवर्षी राज्यांना पैसे द्यायचे ठरले आणि जे उत्पादक या तडजोडीत आले नाहीत त्यांनी विक्रीच्या प्रमाणात रक्कम वेगळ्या खात्यात अडकवून ठेवायची, असे कायदे राज्यांनी केले. हे कोण पाळतो आणि कोण पाळत नाही हे कळावे म्हणून राज्ये उत्पादकांची आणि त्यांच्या ब्रँडची यादी ठेवतात, आणि यादीबाहेरच्या ब्रँडची विक्री तेथे बेकायदा ठरते. म्हणजे ती यादी मुळात पैशाच्या हिशेबातून जन्मलेली आहे.

भारतात अशी यादी नाही. अमुक ब्रँड मंजूर आणि तमुक नामंजूर, असे प्रमाणपत्र किरकोळ विक्रेत्याने ज्याच्याकडून घ्यावे असा अधिकारी आपल्या व्यवस्थेत नाही. आपल्याकडे कायदा ब्रँडकडे पाहत नाही, हातातल्या पाकिटाकडे पाहतो. एकाच परदेशी ब्रँडचे एक पाकीट रीतसर आयात होऊन, शुल्क भरून आणि भारतीय इशारा छापून आलेले असेल तर ते विकता येते. त्याच ब्रँडचे दुसरे पाकीट कंटेनरच्या पोटात लपून आलेले असेल तर ते विकणे गुन्हा आहे. त्यामुळे ब्रँड कोणता आहे या प्रश्नाचा आपल्याला काहीही उपयोग नाही. या पाकिटावर काय छापले आहे आणि ते माझ्यापर्यंत कोणत्या कागदावर आले, हे आपण विचारायला हवे.

पाकिटापासून सुरुवात करू. सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादनांचा २००३ चा कायदा, ज्याला सगळे कोटपा म्हणतात, त्याच्या कलम ७ मध्ये निर्माता, आयातदार आणि व्यापार करणारा अशा सर्वांना स्वतंत्रपणे बांधून घेतले आहे. कोणीही व्यक्ती, विहित इशारा नसलेल्या पाकिटाचा व्यापार करणार नाही, असे त्याचे पोटकलम २ सांगते, आणि टपरीवाला हा या ‘कोणीही’मध्ये येतो. १ एप्रिल २०१६ पासून हा इशारा पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापणारा असावा लागतो, त्यात ६० टक्के चित्र आणि २५ टक्के मजकूर. त्याशिवाय निर्माता किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता, आयात माल असल्यास मूळ देश, नग आणि उत्पादनाची तारीख हा तपशील लागतो. १ सप्टेंबर २०१८ पासून तंबाखू सोडण्यासाठीचा मदत क्रमांकही इशाऱ्याचा भाग झाला आहे. चित्र ठराविक काळाने बदलते, त्यामुळे दुकानात एकाच वेळी दोन वेगळी चित्रे दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. चित्रच नसणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

येथे माल पुरवणारे लोक हमखास एक वाक्य फेकतात, ते म्हणजे ‘ते ८५ टक्के कोर्टाने रद्द केले आहेत.’ डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला होता, हे खरे. पण जानेवारी २०१८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि नियम चालू राहिला. अर्धवट बातमीवर दुकान चालवू नये. त्याचप्रमाणे परदेशी भाषेत किंवा परदेशी पद्धतीने छापलेला इशारा आपल्या कायद्याची अट पुरी करत नाही. उलट तो दुसऱ्या देशातील बाजारासाठी बनवलेला माल असल्याचा पुरावाच पाकिटावर छापलेला असतो. लवंगाच्या चवीची किंवा बारीक कांडीची सिगारेट असणे हा मात्र गुन्हा नाही. ती चव पाहून पोलीस माल उचलत नाहीत, चित्र नसलेले पाकीट पाहून उचलतात.

शिक्षेचे म्हणाल तर इशारा नसलेले पाकीट विकणाऱ्याला किंवा वितरित करणाऱ्याला कलम २० नुसार पहिल्या दोषसिद्धीला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व तीन हजारांपर्यंत दंड आहे. गुन्हा जामीनपात्र आहे. दंडाचे आकडे पाहून बहुतेक दुकानदार सुटकेचा श्वास टाकतात, आणि त्यांची पहिली चूक येथेच होते. कारण चाकणच्या दुकानातील ते पाकीट फक्त कोटपाचे पाकीट नसते.

परदेशी माल, बिल नाही, छापील किंमत नाही, आयातदाराचे नाव नाही, म्हणजे तो चोरट्या आयातीचा असण्याचा संशय, आणि तेथे सीमाशुल्क कायदा, १९६२ सुरू होतो. आपल्याकडे सिगारेटवरील कराचा बोजा मोठा आहे आणि तो कांडीच्या लांबीनुसारही बदलतो. हा कर चुकवला की पाकीट साठ रुपयांना देऊनही वरच्या सगळ्यांना नफा उरतो. त्या पाकिटाच्या स्वस्ताईचे दुसरे कोणतेही कारण मला आजवर दिसलेले नाही. न्हावाशेवा बंदरात दुसराच माल जाहीर करून आणलेल्या कंटेनरमधून सिगारेटचे साठे पकडले गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. तो माल शेवटी विकला जातो तो आपल्यासारख्यांच्या काउंटरवर.

या कायद्यातील कलम १२३ प्रत्येक दुकानदाराने समजून घेतले पाहिजे. साधारण फौजदारी प्रकरणात आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असते. पण सोने, घड्याळे आणि सरकारने अधिसूचित केलेल्या काही वस्तूंच्या बाबतीत, माल तस्करीचा असल्याच्या वाजवी समजुतीने तो जप्त झाला असेल तर तो तस्करीचा नाही हे दाखवण्याचे ओझे ज्याच्या ताब्यात माल सापडला त्याच्यावर पडते. सिगारेट ही अशी अधिसूचित वस्तू आहे. म्हणजे अधिकारी विचारणार, ‘कोठून आणले?’ आणि उत्तरादाखल आपल्याकडे कागद असावा लागणार. मोटारसायकलवरच्या माणसाचे पहिले नाव हा कागद नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. आपल्या प्रश्नात एक वाक्य दोनदा आले आहे: ‘मला माहीत नव्हते.’ प्रत्येक पक्षकार हेच म्हणतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु या वाक्याचे वजन प्रत्येक कायद्यात वेगळे भरते. कोटपाच्या कलम ७ मध्ये त्याला जवळजवळ वजनच नाही, कारण चित्र नाही हे कळायला डोळे पुरेसे आहेत आणि कायद्याने तेथे हेतू विचारलेला नाही. सीमाशुल्क कायद्यात माल जप्त होऊन सरकारजमा होण्यासाठी आपल्याला काय माहीत होते याचा फारसा संबंध नाही. मात्र आपल्यावर व्यक्तिशः दंड लावायचा तर कलम ११२ नुसार, माल जप्तीस पात्र आहे हे आपल्याला माहीत होते किंवा तसे मानण्यास कारण होते, हे दिसावे लागते. त्यातील ‘मानण्यास कारण होते’ हे शब्दच दुकानदाराला नडतात. साठ रुपयांचा भाव, बिल नसणे, संध्याकाळी उशिरा होणारी देवघेव, हे सगळे ‘कारण’ म्हणून मांडले जाते. तिसरा कायदा व्यापारचिन्हांचा, १९९९ चा. तो परदेशी मालापेक्षा देशी ब्रँडच्या बनावट पाकिटांना लागतो आणि कलम १०४ खाली त्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. गंमत अशी की शिक्षेने सर्वांत कडक दिसणाऱ्या या कलमातच अजाण विक्रेत्याला सर्वांत स्पष्ट वाट दिलेली आहे. आपण वाजवी खबरदारी घेतली होती, चिन्ह खरे नसल्याचा संशय येण्याचे कारण नव्हते आणि विचारल्यावर पुरवठादाराची माहिती दिली, एवढे दाखवता आले तर बचाव उभा राहतो.

एक प्रकरण सांगतो, तपशील बदलून. एका तालुक्याच्या गावातील घाऊक व्यापाऱ्याकडे परदेशी पाकिटे सापडली. त्याच्याकडे बिले होती, म्हणून तो निर्धास्त होता. बिले उघडली तर प्रत्येकावर ‘जनरल माल’ एवढेच शब्द, नग नाही, ब्रँड नाही, आणि विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक शोधला तर तो दुसऱ्याच धंद्याच्या नावाने निघाला. ज्या बिलातून हा माल तोच आहे हे जुळत नाही ते बिल नसल्यासारखेच असते, किंबहुना त्याहून वाईट, कारण मग आपण कागद रंगवला असा अर्थ निघतो. त्या व्यापाऱ्याला मी माल सोडवून देऊ शकलो नाही. व्यक्तिगत दंड कमी झाला, तोही त्याने पुरवठादाराशी झालेले मोबाइलवरील संदेश पुसले नव्हते आणि त्यांत त्याने तीनदा आयातीचे कागद मागितले होते म्हणून.

‘ड्यूटी फ्रीचा माल आहे’ असे कोणी सांगत असेल तर त्यावरही विश्वास ठेवू नका. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला २०१६ च्या बॅगेज नियमांनी शंभर कांड्या, म्हणजे वीसची पाच पाकिटे, स्वतःपुरत्या आणण्याची सवलत दिली होती. ही सवलत ओढणाऱ्यासाठी असते, दुकानासाठी नसते. शुल्क न भरलेला माल मी विकतो आहे, ही कबुलीच त्या वाक्यात आहे, आणि ती आपण गिऱ्हाइकालाही ऐकवत असाल तर साक्षीदार आपणच तयार करत आहात.

आपण ओझरते विचारलेल्या दोन गोष्टींचे उत्तर लगेच देतो. तोच माणूस ई-सिगारेटही देऊ करतो, असे आपण लिहिले आहे. त्याला दारातच नकार द्या. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात असे सर्व बंद केले आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. विक्री न करता नुसता साठा ठेवणे हादेखील वेगळा गुन्हा आहे. तेथे चित्र, बिल, शुल्क यांपैकी कशानेही माल कायदेशीर होत नाही. दुसरे, सुटी सिगारेट. सुट्या कांडीवर इशारा दिसत नाही, या कारणाने महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि बिडी विकण्यास बंदी केली. टपरीचा निम्मा धंदा सुट्यावर चालतो आणि ही बंदी रोज डोळ्यांदेखत मोडली जाते, हे मला माहीत आहे. पण पोलीस परदेशी पाकिटांसाठी आले की काउंटरवरचे उघडे पाकीटही पंचनाम्यात येते, आणि जी गोष्ट एरवी कोणी विचारत नाही ती त्या दिवशी कलम म्हणून चढते. शाळा-महाविद्यालयापासून शंभर यार्डांच्या आत विक्री किंवा अठरा वर्षांखालील मुलाला विक्री यांचेही तसेच. कोटपात त्यांचा दंड दोनशे रुपये असला तरी बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये बालकाला तंबाखूजन्य पदार्थ देण्यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

आता त्या चाळीस पाकिटांचे काय करायचे? याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती परिस्थिती मला येथून पूर्ण दिसत नाही. विक्री आजच थांबवावी, एवढे मात्र निश्चित. माल दुसऱ्या दुकानदाराला ‘पडत्या भावात’ देऊ नये, कारण तोही व्यापारच आहे. पुरवठादाराला परत देणे वरकरणी सोपे वाटते, पण तो ती पाकिटे दुसऱ्याच्या काउंटरवर ठेवणार आणि त्या साखळीत आपण आणखी एक कडी होणार. आपल्या दुकानाबाबत अजून कोणतीही चौकशी सुरू झाली नसेल, तर स्थानिक वकिलाच्या हस्ते माल लेखी स्वरूपात संबंधित खात्याकडे जमा करण्याचा मार्ग मी साधारणपणे सुचवतो, कारण त्यातून आपला हेतू कागदावर येतो. पण तसे करण्याने पूर्ण संरक्षण मिळेल अशी हमी कोणी देत असेल तर त्यावर विसंबू नका. शेजाऱ्याच्या जबाबात आपले नाव आले असेल किंवा पोलिसांनी आपल्याला बोलावले असेल, तर माल जाळणे किंवा नाल्यात टाकणे हा पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा होऊ शकतो. तेव्हा हात न लावता थेट वकिलाकडे जावे.

तपासणी झालीच तर कोण आले आहे ते आधी विचारा. कोटपाखाली झडती आणि जप्ती करण्याचा अधिकार पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरील अधिकारी, अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी आणि सरकारने अधिकार दिलेले समकक्ष अधिकारी यांना आहे. छापील किमतीचा मुद्दा वैधमापन खात्याकडे जातो आणि तस्करीचा सीमाशुल्ककडे. पंचनाम्यात पाकिटांची संख्या, ब्रँड आणि पाकिटावर काय नाही हे सगळे लिहिले जात आहे का ते उभे राहून पाहा आणि प्रत मागा. चाळीस पाकिटांची ‘चार पेट्या’ झालेली मी पाहिली आहे, आणि नंतर तो आकडा खाली आणायला दोन वर्षे गेली आहेत. कोटपाखाली जप्त माल जिल्हा न्यायाधीशांच्या मंजुरीशिवाय नव्वद दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, ही तरतूद अनेक तपास अधिकाऱ्यांच्या लक्षात नसते. तरी तिचा फायदा घेताना विचार करावा, कारण इशारा नसलेला माल परत मिळवून आपण तो विकू शकणार नाही.

सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी कलम १०८ चे समन्स दिले तर त्याला जाणे बंधनकारक आहे आणि पोलिसांसमोरच्या जबाबाच्या उलट, तेथे दिलेला जबाब आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जाऊ शकतो. माझ्या एका पक्षकाराने न वाचता येणाऱ्या भाषेतील जबाबावर सही केली, त्यात ‘माल तस्करीचा असल्याचे मला ठाऊक होते’ असे वाक्य होते, आणि तो माझ्याकडे चार महिन्यांनी आला. इतक्या उशिरा जबाब नाकारला तर ती पश्चातबुद्धी समजली जाते. जबाब मराठीत लिहून द्या, स्वतःच्या हाताने, आणि जे माहीत नाही तेथे ‘माहीत नाही’ असेच लिहा. पुरवठादाराचा मोबाइल क्रमांक, त्याला ऑनलाइन दिलेल्या रकमा, गाडीचा क्रमांक, यांतील जे खरोखर आपल्याजवळ आहे ते द्या. त्याला वाचवण्यासाठी गप्प राहिलेला दुकानदार कागदावर शेवटचा मालक ठरतो.

जप्तीनंतर साधारण सहा महिन्यांत, मुदतवाढ मिळाल्यास आणखी सहा महिन्यांत, कारणे दाखवा नोटीस यायला हवी. ती हातात पडेल त्या दिवशी तिच्या लखोट्यावर तारीख लिहून ठेवा, लखोटा फेकू नका, आणि उत्तराची मुदत त्या तारखेपासून मोजा. शेजारी दुकानदाराला नोटीस आली असेल तर तिची प्रत मागून घ्या. तिच्यात आपल्या त्याच पुरवठादाराचे नाव कोणत्या परिच्छेदात आले आहे, हे वकिलाने पहिल्या भेटीतच पाहायला हवे.